बाकावर बसवलेली माणसं

आमच्या जाऊबाई दवाखान्यात कामाला आहेत म्हटलं की लोकांना वाटतं, नर्स असतील. नर्स नाहीत. त्या काउंटरवर बसतात आणि फोन घेतात. पण आत कोणी जायचं, आज जायचं की परवा, हे त्याच ठरवतात, त्यामुळे लोक आतल्या तिन्ही डॉक्टरांपेक्षा त्यांनाच जास्त वचकून असतात. पेशंटांनी त्यांचं नाव ठेवलंय 'नाकाबंदी'. एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा मीच ते नाव त्यांच्या तोंडावर फेकलं. वाटलं, झोंबेल. कसलं काय, उलट खूश झाल्या. म्हणाल्या, मग काय सगळ्यांना मोकळं रान सोडू?

खरं म्हणजे तिथं त्या दोन आठवड्यांसाठी गेल्या होत्या. आधीची मुलगी लग्न होऊन गेली, दुसरी मिळेपर्यंत कोणीतरी हवं होतं, आणि आमचा पुतण्या तेव्हा नुकताच शाळेत जायला लागलेला. दुसरी मुलगी काही मिळाली नाही. आता पुतण्याला मिसरूड फुटलंय आणि जाऊबाई अजून त्याच खुर्चीत आहेत.

त्यांचा कान मोठा तयार. फोनवर समोरचा काय बोलतो त्यापेक्षा कसा बोलतो ते त्या ऐकतात. एका बाईनं नुसतं 'जरा अपचन झालंय' म्हणून फोन केला, तर यांनी आवाज ऐकून तिला तडक बोलावलं आणि डॉक्टरबाईंना हातातलं काम टाकायला लावलं. ते अपचन हृदयाचं निघालं. ती बाई अजून चांगली टुणटुणीत आहे. दुसरीकडे माझ्या नवऱ्यानं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या दिरानं, मरायला टेकल्यासारखा आवाज काढून फोन केला, तर म्हणाल्या, सर्दी आहे, वाफ घ्या, आणि बायकोला त्रास देऊ नका. तेही खरंच होतं. असं दहा वेळा बरोबर आलं की माणसाला आपल्या कानाचा गर्व होतो. जाऊबाईंना तो होता, आणि घरात आम्ही सगळ्यांनी तो कौतुकानं वाढवला होता.

तर त्या दवाखान्याची तपासणी व्हायची होती. आरोग्य खात्याची माणसं येणार, दवाखाना सुरक्षित आहे का, नीट चालतो का ते बघणार आणि त्याप्रमाणे दर्जा देणार. दर्जा खाली गेला तर सुधारणा होईपर्यंत टांगती तलवार, आणि फारच वाईट निघालं तर कुलूप. आमच्या भागात दुसरा दवाखाना जवळ नाही. त्यामुळे थोरल्या डॉक्टरांचा, ज्यांचा तो दवाखाना, जीव टांगणीला लागला होता, आणि त्यांचा लागला म्हणजे जाऊबाईंचा लागलाच.

ते दिवस आमच्या घरानं कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. मुदत संपलेली औषधं वेगळी काढली का, लसींच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ बघितलं का, वापरलेल्या सुयांचा डबा वेळेवर गेला का, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा नळ फिरतो का, हे सगळं त्या जेवताना मोठ्यानं बोलायच्या. मला तपासणीवाली बाई करून समोर बसवायच्या आणि प्रश्न विचारायला लावायच्या. मी विचारलं, आग लागली तर काय कराल? त्यांनी दारं, खिडक्या, व्हीलचेअर असं लांबलचक सांगितलं. मग म्हणाल्या, तुम्ही काय कराल? मी म्हटलं, मी पळेन. एरवी हसल्या असत्या. त्या दिवशी मात्र, तुमच्यासारखी माणसं बाकावर नकोत म्हणाल्या.

बाकाचं म्हणजे असं. तपासणीवाले बाकावर बसलेल्या पेशंटांशीही बोलतात. तेव्हा थोरले डॉक्टर जाऊबाईंना सहज म्हणावं तसं म्हणाले, त्या दिवशी बाकावर जरा समजूतदार माणसं असू देत. त्यांना एवढंच बोलायचं होतं. बाकीचं जाऊबाईंना कळलं. सदा कुरकुरणारे, रांगेवरून भांडणारे, मागच्या वेळची गोळी लागू पडली नाही म्हणून सांगत सुटणारे, अशांना त्यांनी गोड बोलून तपासणीनंतरच्या शुक्रवारवर ढकललं. आणि चार चांगली तोंडं निवडून काढली. एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक तान्हं मूल घेऊन येणारं जोडपं, आणि सगळ्यात आधी टेलरकाका.

टेलरकाका म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एका खोलीत राहणारे म्हातारे गृहस्थ. काकू गेल्या, मुलगी लांब दिलेली. नजर कमी झाली म्हणून कपडे शिवणं सोडलं, पण पँटची चेन बसवून देणं, पडद्याला खालून शिवण मारून देणं चालू असतं. कित्येक वर्षांची शुगर. त्या शुगरच्या निमित्तानं ते दवाखान्यात येत आणि नंबर झाला तरी उठत नसत. जाऊबाई सगळ्यांदेखत ओरडत, काका, परत आलात? आणि पंख्याखालची खुर्ची त्यांनाच देत. दवाखान्यातले पडदे उसवलेले बघून त्यांनी कोणी न सांगता ते घरी नेऊन शिवून आणले होते. मी एकदा चिडवलं, सासऱ्यांवर कधी आवाज चढवला नाही तुम्ही एवढा. तर म्हणतात, सासऱ्यांवर चढवायची सोय होती का?

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी काकांचाच फोन आला. जाऊबाई कपड्यांना इस्त्री करत होत्या, हात मोकळा नव्हता म्हणून स्पीकर लावला. मी तिथंच घड्या घालत बसले होते. म्हणजे हे कोणी सांगितलेलं नाही, मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

काका म्हणाले, "बाळ, पायाच्या अंगठ्याला फोड आलाय. जरा काळपट दिसतोय. दाखवायला येऊ का?"

"दुखतोय का?"

"छे छे, अजिबात नाही."

"मग शुक्रवारी बघू," जाऊबाई म्हणाल्या. "पण उद्या सकाळी या तुम्ही. पायाचं नाही काढायचं उद्या. ती तपासणीची माणसं येणार आहेत, ती तुम्हाला विचारतील, दवाखाना कसा आहे म्हणून. जरा नीटनेटके या. चपला नकोत, बूट घाला."

काका इतके हरखले की पायाचं विसरूनच गेले. शर्ट निळा घालू की पांढरा, एवढंच विचारत राहिले.

मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. दुखत नाही म्हणजे बरंच आहे, असंच कोणालाही वाटेल. पण शुगरच्या माणसाचं तसं नसतं. त्यांच्या पायाची जाणीव मरत जाते, आत सडलं तरी दुखत नाही, आणि म्हणून दुखत नसेल तर जास्त घाबरायचं असतं. हे मला माहीत नव्हतं. जाऊबाईंना होतं. तसं चित्रासकट लिहिलेला कागद त्यांच्याच खुर्चीमागच्या भिंतीवर लावलेला आहे. एरवी कोणी असा फोन केला असता तर त्यांनी त्याला तिथल्या तिथे रिक्षात बसवलं असतं. त्या संध्याकाळी त्यांच्या डोक्यात फक्त बाक होता.

दुसऱ्या दिवशी घरी आल्या त्या उड्या मारतच. चहा टाकायच्या आधी आम्हाला सगळी तपासणी करून दाखवली. चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई आल्या होत्या आणि बरोबर एक किडकिडीत गृहस्थ, जे टॉर्च घेऊन बेसिनच्या खाली शिरले. फ्रिज बघितला, डबे बघितले, जाऊबाईंना आगीचं विचारलं, यांनी घडाघडा सांगितलं. मग बाई बाकाकडे वळल्या. टेलरकाका पांढऱ्या शर्टात, पॉलिश केलेल्या बुटांत, सकाळपासून ताठ बसलेले. बाईंनी विचारलं, तुम्हाला इथून कधी परत पाठवलंय का? काका म्हणाले, कधीच नाही, फोन करायची खोटी, ही मुलगी बोलावून घेते.

मग बाईंनी विचारलं, आज कशासाठी आलात? इथं काकांची पंचाईत झाली. हे काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी काउंटरकडे बघितलं, जाऊबाईंनी मान खाली घातली, आणि काका म्हणाले, बीपी बघायला. झालं. तिघांतल्या नव्या डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, तपासणीच्या बाईही बघायला आत गेल्या. बीपी बघितलं. आणखी काही त्रास आहे का, असंही डॉक्टरांनी विचारलं. काका म्हणाले, काही नाही. बाहेर आले आणि जाताना त्यांनी जाऊबाईंना हळूच डोळा मारला.

तो डोळा जाऊबाईंनी आम्हाला मारून दाखवला. आम्ही सगळे हसलो. माझे मोठे दीर, जे कधी हसत नाहीत, तेही हसले.

सगळ्यात वरचा दर्जा मिळणार असं ती माणसं निघतानाच सांगून गेली. शुक्रवारी दवाखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती, कारण ढकललेले सगळे कुरकुरे एकदम आले. त्या गर्दीत जाऊबाईंना काकांची एकदा आठवण झाली. येतील दुपारपर्यंत, म्हणाल्या स्वतःशी. काका आले नाहीत. संध्याकाळी त्या इतक्या थकल्या होत्या की फोन करायचं राहून गेलं.

काका येणार कसे? त्यांना शुक्रवारी सकाळीच ताप भरला होता. शेजारणीला दार बंद दिसलं, तिनं दोन दिवस वाट बघितली आणि मग माणसं गोळा केली. तोवर पायातलं विष वर चढलं होतं. मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आणि त्यांनी आमच्या दवाखान्यात फोन करून विचारलं, यांना अलीकडे कोणी तपासलं होतं का? तो फोन जाऊबाईंनीच घेतला.

त्या भर दुपारी घरी आल्या. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी बादलीतला एक कपडा उचलला, तो पिळत राहिल्या आणि पिळता पिळता सगळं सांगितलं. मला धड ऐकवेना. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे भांडायला लागले. म्हटलं, ताई, तुमचा काय दोष यात? बाक भरायला डॉक्टरांनी सांगितलं. आणि काका काय कुक्कुलं बाळ आहेत? डॉक्टरांच्या खोलीत गेले होते ना, काढायचा बूट, दाखवायचा पाय.

"बाक भरायला डॉक्टरांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी बघू हे मी सांगितलं. म्हणूनच त्यांनी बूट काढला नाही."

तरी मी बोलत राहिले. गप्प बसायला मला जमत नाही.

त्यानंतरचे दिवस विचारू नका. खाल्लेलं अंगाला लागेना, रात्री डोळ्याला डोळा लागेना. आणि दवाखान्यात तर नाकाबंदीच उठली. फोन कोणाचाही असो, जाऊबाई म्हणायच्या, या, आत्ता या. नख तुटलं? या. झोप लागत नाही? या. एकजण नुसता पत्ता विचारायला आला होता, त्यालाही त्यांनी डॉक्टरबाईंच्या खोलीत पाठवलं. डॉक्टरबाई वैतागल्या. बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेली. आपला कान आता त्यांना स्वतःलाच खोटा वाटायला लागला होता. मला म्हणाल्या, सगळ्यांचे आवाज सारखेच ऐकू येतात हो आता.

हॉस्पिटलमध्ये मात्र त्या जाईनात. मी दोनदा म्हटलं, चला. त्या म्हणायच्या, कोणत्या तोंडानं जाऊ? काकांची मुलगी आली होती. तिनं फोन केला, बाबा तुमची सारखी आठवण काढतात म्हणाली. फोन ठेवल्यावर जाऊबाई मोरीत जाऊन रडल्या. नळ सोडला होता, पण आम्हाला काय कळत नाही का?

अशात दर्जाचं पत्र आलं. सगळ्यात वरचा. आणि त्यात खास लिहिलेलं, की या दवाखान्यात काउंटरवर पेशंटांचं म्हणणं आपुलकीनं ऐकून घेतलं जातं. थोरल्या डॉक्टरांनी ते काचेत बसवून आणलं. कौतुकानं जाऊबाईंच्या खुर्चीमागेच लावायला निघाले, त्या पायाच्या चित्राशेजारी. जाऊबाईंनी त्यांचा हात धरला आणि फोनची सगळी गोष्ट सांगितली. तोवर डॉक्टरांना ती माहीत नव्हती.

थोरले डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, खुर्चीत बसले. पण मग म्हणाले, झालं ते वाईट झालं, तरी आपण त्यांना आत घेतलं होतं, त्रास आहे का विचारलं होतं, त्यांनी सांगितलं नाही. आपली बाजू स्वच्छ आहे.

"त्यांनी सांगितलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "मला सांगितलं होतं."

हे तपासणीच्या बाईंना कळवायला हवं, असंही म्हणाल्या. डॉक्टरांनी खूप समजावलं. दर्जा गेला तर एवढ्या माणसांचं काय, तुमच्या नोकरीचं काय, आणि कळवून काकांचा पाय परत येणार आहे का? घरी मोठ्या दिरांनीही तेच सांगितलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही तेच सांगितलं. जाऊबाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. मग एका सकाळी कामावर जायच्या आधी त्यांनी त्या चष्म्याच्या बाईंना फोन लावला. इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माणसं निवडून बसवली होती हे सांगितलं. कुरकुरणाऱ्यांना पुढे ढकललं होतं हे सांगितलं. फोड काळा आहे हे ऐकूनही शुक्रवार दिला हे सांगितलं. डॉक्टरांचं नाव घेतलं ते फक्त एकदा, आणि तेही, त्यांना फोनचं ठाऊक नव्हतं हे सांगण्यापुरतं.

ती माणसं परत आली, या वेळी न कळवता. दर्जा काढून घेतला. कोणाला कधी बोलवायचं हे इथून पुढे नर्सनं ठरवायचं, काउंटरनं नाही, असा हुकूम झाला, आणि वर्षभर दवाखान्यावर नजर. काचेतलं पत्र थोरल्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं उतरवलं. जाऊबाईंना काढलं नाही, पण फोन त्यांच्यापुढून उचलून नर्सच्या टेबलावर गेला. गल्लीतल्या बायका मला विचारायला लागल्या, तुमच्या जाऊबाईंना सुख खुपतं का? मी एकेकीला असं सुनावलं की परत नाव काढलं नाही. आपल्या माणसाला बोलायचा हक्क आपला.

मग जाऊबाई म्हणाल्या, आता चला काकांकडे. आता सांगता येईल.

दोघी गेलो. वॉर्डात काकांचा पलंग खिडकीशी होता. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. चादर जिथं सपाट झाली होती तिथं माझी नजर जाऊ नये म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले. काकांनी जाऊबाईंना बघितलं आणि उठून बसायची धडपड केली. तोंड असं फुललं की वाटावं, आजारी आम्हीच आहोत. जाऊबाईंनी वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत काकांनीच विचारलं.

"पास झालो ना गं आपण?"

जाऊबाईंनी पलंगाचा दांडा धरला. "झालो होतो, काका. आता नापास केलं त्यांनी."

काकांचा चेहरा पडला. पाय गेल्याचं त्यांनी एका शब्दानं काढलं नव्हतं, पण हे त्यांना लागलं. चादरीची कड बोटांत धरून चाचपायला लागले.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "त्या बाईंनी कशासाठी आलात विचारलं ना, तिथं मी अडखळलो. तुझ्याकडे बघितलं. तिथंच त्यांच्या लक्षात आलं असणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, हिच्या डॉक्टरांना सांगा, रागवू नका म्हणावं हिला, म्हाताऱ्याला ऐनवेळी सुचलं नाही.

जाऊबाई खाली वाकल्या आणि त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाशी इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"काका, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. तुम्ही फोन केलात तेव्हाच मी तुम्हाला बोलवायला हवं होतं."

काकांना ते काही पटलं नाही. त्यांनी आपला हात सोडवून घेतला आणि जाऊबाईंच्या डोक्यावर ठेवला.

"बोलावलं होतंस की, बाळ," ते म्हणाले. "आलो होतो मी."